मे महिन्यात थंड राहिलेलं यंत्र

खानदेशात जायचं तर हिवाळ्यात जावं, असं तिकडचं कुणीही सांगेल. तेव्हा भरताची वांगी असतात, शेतात कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर ती भाजली जातात आणि वाटेने जाणाऱ्यालाही हात धरून पंगतीला बसवतात. मी गेले ती मे महिन्यात, आणि तीही एक यंत्र उचलून परत आणायला. घरच्यांनी मला वेड्यात काढलं. आमच्या कोल्हापुरात पारा चाळिशीकडे झुकला की माणसं आकाशाकडे बघून उसासे टाकतात. तिकडे चाळीस म्हणजे गार पडलं म्हणतात. मी मात्र हट्टाला पेटले होते, कारण ते यंत्र मी बनवलं होतं आणि ते बिघडलं आहे हे मला मान्य नव्हतं.

पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत मी गाड्यांवर बसवायचे उपग्रह फोन तयार करते. जिथे मोबाइलचा टॉवर पोचत नाही तिथे हा फोन थेट उपग्रहाशी बोलतो. उपग्रह विषुववृत्ताच्या वर, छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर, एकाच जागी टांगल्यासारखा असतो. गाडी वळली, उतरली, खड्ड्यात आदळली तरी टपावरच्या चपट्या अँटेनाने त्याच्यावरची नजर काढायची नाही, एवढंच तिचं काम. वाटेत झाडं येतात, पाऊस येतो, म्हणून आम्ही सिग्नलमध्ये थोडा हातचा राखून ठेवतो. तो किती राखायचा यावरच माझी अर्धी नोकरी भांडणात गेली आहे.

असा एक सेट आम्ही हिवाळ्यात यावलच्या एका फिरत्या आरोग्य पथकाच्या जीपवर बसवला होता. ही जीप सातपुड्यातल्या पाड्यांवर जाते. हिवाळाभर सेट गुणी बाळासारखा चालला. एप्रिल लागला आणि रोज दुपारी तो गप्प बसू लागला. जीप पाड्यावर पोचली की सिग्नल जायचा, तो उन्हं कलल्यावर यायचा. त्याहून विचित्र म्हणजे सेट स्वतःचं तापमान नोंदवून ठेवतो आणि सिग्नल आला की आमच्याकडे पाठवतो, त्यात भर दुपारी तो सकाळपेक्षा थंड दिसत होता. जळगाव जिल्ह्यात, मे महिन्यात, दुपारी थंड! आमचे साहेब म्हणाले, तापमान मोजणारा भागही गेलाय, सिग्नलही गेलाय, सेट गेला. जा आणि घेऊन ये. माझं म्हणणं, सेट धडधाकट आहे, दुपारी जीप केळीच्या सावलीला लावत असणार आणि पानं आडवी येत असणार. केळीच्या पानात पाणी किती, आणि या लहरींचं पाण्याशी हाडवैर. साहेब म्हणाले, तसं असेल तर दाखव. नाहीतर खोका घेऊनच जा. मी खोका घेऊन निघाले.

धुळे

रातराणीने सकाळी धुळ्याच्या स्टँडवर उतरले. मला न्यायला सुखदेव नाना आले होते, त्या जीपचे ड्रायव्हर. मूळचे धुळ्याकडचे, पुतण्याच्या लग्नाला गावी आले होते, आता परत ड्युटीवर निघाले होते. डोक्याला पांढरा रुमाल, खांद्यावर पिशवी.

"पुन्याहून उनात त्या तुम्हीच का, ताई?" त्यांनी विचारलं, आणि 'उनात' म्हणजे 'आलात' हे मला उमगून उत्तर देण्याआधीच माझा खोका उचलला. खोका रिकामा आहे हे त्यांना वजनावरून कळलं. त्यांनी एकदा खोक्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो काखेत मारून चालू लागले.

मला कडकडून भूक लागली होती. स्टँडबाहेर त्यांनी मला शेवभाजी खायला घातली, सकाळच्या प्रहरी. आमच्या तांबड्या रश्शाचा मला अभिमान आहे, पण तो मटणाच्या जिवावर उड्या मारतो. इथे नुसत्या जाड शेवेवर काळ्या मसाल्याचा असा रस्सा ओतला होता की मी तोंड पुसायचं विसरले. नाना समाधानाने बघत होते. मग त्यांनी पिशवीतून एक कांदा काढून माझ्या हातावर ठेवला.

"खावाले नही. पिशवीमा ठेवा. कांदा जवळ ऱ्हायना का ऊन लागस नही."

मी विज्ञान शिकलेली बाई. कांदा पर्समध्ये ठेवला.

बसमध्ये मी त्यांना सेटबद्दल खोदून खोदून विचारलं. जीप कुठे उभी करता, कुठल्या झाडाखाली, दुपारी काय होतं. "दुपारले बोलत नही ते," नाना म्हणाले, "पन जित्तं शे. बठ्ठं ठीक शे, ताई." त्यांच्या मते सगळं ठीक होतं, दुपारी न बोलणं त्यांना बिघाड वाटतच नव्हतं. दुपारी सगळा खानदेश दारं लोटून पडलेला असतो, मग उपग्रहानेच काय घोडं मारलंय, असा त्यांचा हिशेब असावा. अशाने मी कधीकधी चिडते. त्या दिवशीही जराशी चिडले, पण शेवभाजी पोटात होती म्हणून बोलले नाही.

जळगाव

जळगावला उतरलो तेव्हा डांबर मऊ झालं होतं. रिक्षावाल्यांनी सीटवर ओली फडकी टाकली होती. पोरी दुचाकीवर डोळे सोडून सगळं गुंडाळून चालल्या होत्या. एवढ्या उन्हातही सोन्याच्या दुकानांत लग्नाची गर्दी होती. आमच्याकडे सोनं घ्यायला बायका संध्याकाळी निघतात, इथे भर दुपारी आल्या होत्या, कारण दुकानं थंडगार असतात. मीही दोन पेढ्यांमध्ये उगाच शिरून अंगठ्या बघितल्या आणि घाम वाळवून बाहेर आले. नाना बाहेर सावलीत हसत उभे होते.

मग यावलची बस. तापी ओलांडली आणि दोन्ही बाजूंना केळी सुरू झाली. बाहेर सगळं करपलेलं आणि मध्येच हे हिरवेगार चौकोन, त्यांच्या कडेने वारा अडवायला लावलेली उंच गवताची भिंत. मी खिडकीतून बागा बघत होते आणि मनात म्हणत होते, हेच ते गुन्हेगार.

यावल

मुक्काम सिस्टर वंदनाच्या घरी होता. ती पथकाची नर्स, पस्तिशीची, बोलायला नेमकी आणि चालायला भरभर. दारात "जय भीम" झाला, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली ओळीने तिच्या शाळेतल्या बक्षिसांचे कप. घरात ती आणि तिची आई. आईला गल्लीत सगळे अक्का म्हणतात, म्हणून मीही म्हटलं.

अक्कांनी माझ्यासाठी आमरस आणि मांडे केले होते. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर, आणि पुरण भरलेला गोळा अक्का दोन्ही हातांवर फिरवत, झेलत, कोपरापर्यंत वाढवत नेत होत्या. पोळपाट नाही, लाटणं नाही. आमची पुरणपोळी याच्यापुढे बाळबोध वाटते. मी एक मांडा करून बघायचा हट्ट धरला. तो चुलीच्या बाजूला जाऊन पडला. अक्कांनी तो उचलला, राख झटकली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे माय, तू डबडेच बनव."

जेवण होताच वंदनाने ताटं उचलली. हात धुतल्यावर सरळ विषयाला आली. "मॅडम, तुम्ही सेट न्यायला आलात ना?"

मी म्हटलं, बघते आधी काय झालंय.

"तो सकाळ-संध्याकाळ चालतो. मला तेवढाही पुरतो. नेऊ नका." मग तिने कारण सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, सेट नव्हता तेव्हा, एका पाड्यावरून बाळंतिणीला घेऊन ती खाली उतरली होती. यावलला आली तर तिथे त्या बाईच्या गटाचं रक्त नव्हतं. तिथून जळगाव. कुणाला आधी विचारता आलं असतं तर सरळ जळगावलाच गेलो असतो, एवढंच ती म्हणाली. ती बाई वाटेत गेली. "आता पावसाळा तोंडावर आहे," वंदना म्हणाली, "आणि वरच्या पाड्यावर रुमली नावाच्या पोरीचे दिवस भरत आलेत. तिचं रक्त आधीच कमी आहे."

 साहेबांचा हुकूम माझ्या बॅगेत होता आणि रिकामा खोका तिच्या ओसरीवर. मी म्हटलं, उद्या तपासते, दोष सापडला तर इथेच दुरुस्त करते. तिने मान हलवली. विश्वास ठेवला असं वाटलं नाही.

सकाळी जीप पाहिली आणि खूश झाले. धुऊन पुसून लखलखीत, टपावर माझी चपटी काळसर अँटेना, खाली पायांपाशी सेटची पेटी, सगळं नव्यासारखं. लग्नाला जाण्याआधी नानांनी सगळी गाडी साफ केली होती. सिग्नल उत्तम. मी लगेच नानांना केळीच्या बागांमध्ये जीप घालायला लावली. दोन्ही बाजूंनी पानं टपाला घासत होती. सेटच्या फोनवरून पुण्याला आमच्या ऑफिसात बोलत राहिले. आवाज एकदा तुटला, पुन्हा आला. एकदा खरखरला, पुन्हा साफ. केळी निर्दोष सुटली. उपग्रह इथून दक्षिणेला बराच वर असतो, पानं त्याला पुरतं झाकू शकत नाहीत. माझा हातचा पुरत होता. मला आनंद व्हावा की वाईट वाटावं हे समजेना, कारण माझी एकुलती एक शंका गेली होती. बागेच्या मालकाने काही न विचारता केळ्यांची एक फणी जीपमध्ये टाकली आणि म्हणाला, "पाहुण्याले रिकामं जाऊ द्याचं नसते."

दुपारी जीप अंगणात उन्हात उभी केली. मी दारात बसून सेटवर नजर ठेवली. तापमान चढत गेलं. टपाचा पत्रा हात लावू देत नव्हता, आणि आमची अँटेना त्याच पत्र्याला चिकटून बसलेली, तापमान मोजणारा भागही तिच्यातच. शेवटी सेटने स्वतःला बंद करून घेतलं. अति तापला की जळू नये म्हणून त्याने बंद व्हावं, अशी सोय मीच केली होती.

पुण्यात आम्ही तो तापवायच्या खोलीत कित्येक तास ठेवून पास केला होता. पण त्या खोलीत ऊन नव्हतं आणि तापलेला पत्राही नव्हता. एवढी साधी गोष्ट आमच्या डोक्यात आली नाही. आणि तरी कोडं सुटलं नव्हतं. नोंदींमध्ये सेट दुपारी थंड होता, चालू होता, फक्त उपग्रह दिसत नव्हता. इथे तो तापून बंद पडला होता. कागदावर एक आजार आणि समोर भलताच.

मी साहेबांना मोबाइलवर सांगितलं. ते म्हणाले, "दोन आजार असतील तर दुप्पट कारण. घेऊन ये." त्यांचं चूक नव्हतं. वंदनाला मी संध्याकाळी सांगितलं, उद्याची तुमची फेरी होऊ दे, परत आल्यावर सेट काढते. नीट करून पाठवेन. ती म्हणाली, "कधी?"  अक्कांनी रात्रीच्या जेवणात मला आग्रह केला नाही, आणि मला ते लागलं.

पाडा

यावल सोडून उत्तरेला लागलं की केळी संपतात आणि सागवान सुरू होतं. मे महिन्यात साग निष्पर्ण असतो. नुसत्या काड्या आकाशात उभ्या, खाली वाळकी पानं, जीप गेली की ती चुरचुरतात. मोबाइल घाट सुरू होताच मुका झाला. पुढे आमचं यंत्रच काय ते बोलकं. वंदना पुढच्या सीटवर, मी मागे, नाना गाणं गुणगुणत. 

पाड्यावर पोचलो तर बायका रस्त्यावरच उभ्या होत्या. रुमली पहाटेच बाळंत झाली होती, आठवडाभर आधी. मुलगी झाली होती, मुलगी चांगली होती. रुमलीचं रक्त थांबत नव्हतं.

वंदना पिशवी घेऊन झोपडीत पळाली. मी दाराशी उभी राहिले. तिने इंजेक्शन दिलं, पोट चोळत राहिली, सासूला पावरी बोलीत भराभर काही सांगत राहिली. थोड्या वेळाने बाहेर आली ती हात पुसत. "थोडं कमी झालंय, पण तिला रक्त लागणार. मला यावलच्या डॉक्टरांशी बोलायचंय. यावलला थांबू की सरळ जळगाव, आणि तिकडे रक्त तयार पाहिजे. सेट लावा."

सेट बंद होता. जीप पोचल्यापासून मैदानात उभी होती, झाड जवळपास नव्हतं. पेटीवर लाल दिवा. मी झाकण उघडलं, फाइलने अँटेनाला वारा घातला, बटण दाबत राहिले. माझ्या हातून बनलेली वस्तू माझ्याकडे ढिम्म बघत होती. आयुष्यात मला इतकं निरुपयोगी कधी वाटलं नव्हतं.

"सरका, ताई," नाना म्हणाले. ते सीटखालून घडी केलेलं गोणपाट घेऊन हापशाकडे गेले, ते पाण्यात बुचकळलं आणि ठिबकत्या अवस्थेत आणून टपावरच्या अँटेनावर पसरलं. "पाच मिनिट थांबा. उठस ते."

आणि सेट उठला. लाल दिवा गेला, हिरवा आला. तापमान उतरू लागलं. वंदनाने फोन कानाला लावला. मी पेटीवरच्या पडद्याकडे पाहिलं. सेट चालू, सेट थंड, उपग्रह दिसत नाही.

हे मी पाहिलेलं होतं. एप्रिलपासूनच्या प्रत्येक दुपारची नोंद अशीच होती.

"नाना," मी विचारलं, "हे गोणपाट तुम्ही रोज टाकता?"

"रोज. पाड्यावर उनूत का वल्लं करीसन टाकस, संध्याकाळले काढस. लेकरूले झळ लागस ते माय पदर टाकस. याले कोन शे?"

"मग काल का नाही टाकलंत?"

नाना लाजले. "तुम्ही येनार व्हतात. पाहुना येनार आनि गाडीवर गोणपाट? बरं दिखस का ते?"

पुण्याहून ताई येणार म्हणून त्यांनी गाडी धुतली, गोणपाट घडी करून सीटखाली दडवलं, आणि मला खरा रोग दिसायचा राहिला. पाण्याचं आणि या लहरींचं वैर मी जगाला सांगत फिरते. पानांसाठी हातचा ठेवला होता, पावसासाठी ठेवला होता, चार पदरी ओल्या गोणपाटासाठी कोण ठेवणार?

"गोणपाट काढा, नाना."

"काढं ते मरी जाई, ताई."

"दोन मिनिटं जगलं तरी पुरे."

त्यांनी गोणपाट ओढून काढलं, मी बॉनेटवर चढून ओढणीने अँटेना कोरडी केली. पडद्यावर सिग्नल चढला. वंदनाने नंबर लावला. उपग्रहावरच्या बोलण्यात आपला शब्द तिकडे जाऊन उत्तर यायला थोडा वेळ लागतो. नवखा माणूस त्या वेळात पुन्हा बोलतो आणि सगळा गोंधळ होतो. वंदना एक वाक्य बोलायची आणि थांबायची. रुमलीचा रक्तगट, नाडी, दिलेलं इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, यावलला थांबू नका, सरळ जळगाव. तिकडे रक्ताची व्यवस्था मी आत्ता सांगतो. घाटाच्या पायथ्याला अँब्युलन्स पाठवतो, तिच्यात घ्या. निघा.

जीपमध्ये मागे गादी घातली, रुमलीला निजवलं. वंदना तिच्याशेजारी, फोन कानाला. सासूने मुलगी माझ्या हातात दिली आणि स्वतः सुनेचे पाय उचलून धरले. कुणी कुणाला विचारलं नाही. मी त्या बाळाला छातीशी धरलं आणि सेटकडे बघत राहिले. मला भीती होती की तो पुन्हा तापेल. पण जीप धावायला लागली आणि टपावरून वारा वाहू लागला, तापमान जागच्या जागी राहिलं. सागाच्या उघड्या फांद्यांमधून सिग्नल येत होता. एका ओढ्यापाशी आंब्याची दाट झाडं होती, तिथे आवाज गेला. वंदना फोन तसाच धरून बसली, झाडं सरली आणि डॉक्टर अर्ध्या वाक्यातून परत आले. नाना इतक्या हळुवार हाताने घाट उतरत होते आणि तरी इतके वेगात, मला ते अजून उलगडलेलं नाही.

पायथ्याला अँब्युलन्स उभी होती. सलाईन लावलं, रुमलीला हलवलं, वंदना तिच्यात चढली. सासूने माझ्याकडून बाळ घेतलं आणि मला काहीतरी म्हणाली. वंदनाने दार लावता लावता सांगितलं, "त्या म्हणतायत, तुम्ही घामाने भिजलात, पाणी प्या."

पुन्हा जळगाव, पुन्हा यावल

आम्ही जीप घेऊन मागोमाग जळगावला गेलो. रक्त तयार होतं. संध्याकाळी वंदना बाहेर आली, भिंतीला टेकली आणि म्हणाली, "वाचली." नानांनी रुमाल काढून तोंडावर धरला. मी त्यांना म्हटलं, नाना, तुमचं गोणपाट नसतं तर हा सेट, बंद व्हायची सोय असूनही, रोज तापून एप्रिलमध्येच जळून गेला असता आणि आज आपल्याकडे काही नसतं. ते म्हणाले, "आनि मन्हा गोणपाटना मुळे महिनाभर मुका ऱ्हायना, ते?" दोन्ही खरं होतं. मी त्यांच्या पाया पडले. ते संकोचले, पण मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही, आणि अजूनही वाटतं की ते योग्यच केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सेटला मांडव घातला. अँटेना टपाच्या पत्र्यापासून वीतभर उचलली, मध्ये लाकडी ठोकळे दिले म्हणजे खालून वारा खेळेल. वर कामट्यांची चौकट, आणि चौकटीवर केळीच्या पूर्ण वाळलेल्या पानांची दुहेरी चटई. ओलं पान लहरी अडवतं, वाळलेलं त्यांना दिसतसुद्धा नाही. पानं त्याच बागेतली, ती अक्कांनी विणली. पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा चटई काढून ठेवायची. मी मदतीला बसले तेव्हा त्यांनी माझ्या हातातलं काम काढून घेतलं, पण या वेळी हसून. दुपारच्या जेवणाला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा होता, आणि आग्रह इतका की उठवत नव्हतं. या घराने मला पहिल्या दिवशी मांडे दिले, तिसऱ्या दिवशी माफ केलं आणि चौथ्या दिवशी घरातलं केलं. मी त्यांना काय दिलं होतं? एक न तपासलेलं डबडं.

जीप मुद्दाम अंगणात ऐन उन्हात उभी केली. आम्ही चौघं ओसरीवर बसलो. ऊन डोक्यावर आलं, पत्रा तापला. सेट चालू होता. सिग्नल होता. भर दुपारी मी त्याच सेटवरून साहेबांना फोन लावला. वंदना मुद्दाम पाठ करून तांदूळ निवडत होती, पण तिचे हात थांबले होते.

"काढलास का सेट?" साहेबांनी विचारलं. "तो परत कधी येतोय?"

त्या फोनवर दोन वाक्यांच्या मध्ये थांबावंच लागतं. मी थांबले. मला तेवढ्या वेळात वरच्या मैदानातला लाल दिवा दिसला, आणि मग घाटातला वंदनाचा कानाला धरलेला हात.

"नाही येणार, साहेब," मी म्हटलं. "तो ड्युटीवर आहे."

माझं वाक्य वर गेलं, खाली गेलं, पुण्यात पोचलं.  मग साहेबांचा आवाज आला, अगदी स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल इतका. "तू त्याच सेटवरून, दुपारची बोलतेयस?"

वंदनाने सूप खाली ठेवलं आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.